हजार बिड्या वळणारे हात आणि न टिकणारं बीजगणित

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. मी अशोक चौकाच्या पलीकडे राहते. वय ४९. सातवीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून बिड्या वळते. पहिल्या महिन्यात दिवसाला शंभरही होत नव्हत्या, आज गप्पा मारत हजार होतात. यंदा सुनेनं आग्रह केला म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले आहे. दिवसा काम, म्हणून रात्री अकरा ते दोन वाचते आणि पाचला उठते. एकच धडा चार-चार वेळा वाचते. वाचताना सगळं कळतं. सकाळी भाकरी थापताना आठवायला गेलं की कोरं. बीजगणिताची सूत्रं आणि इंग्रजीची स्पेलिंगं तर राहतच नाहीत. परवा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, या वयात मेंदूच्या पेशी रोज मरतात. आता कुठं भरतेस त्यात?" तो वाईट नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. आमच्या घरात तेलुगू बोलतात, मराठी मी गल्लीत शिकले. खरं सांगा, माझा मेंदू संपला का? फॉर्म फुकट गेला का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर :

ताई, तुमची दोन फुलस्केप पानं मी तीनदा वाचली. पहिल्या पानावर 'शिक्षण' हा शब्द तुम्ही आधी चुकीचा लिहून खोडलाय आणि वर बरोबर लिहिलाय. त्या खोडाखोडीकडे मी पुन्हा येणार आहे. आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं. मेंदू संपलेला नाही. फॉर्म फुकट गेलेला नाही. अभ्यासाची पद्धत मात्र आजपासून बदलायला हवी. गणपती उठलेत. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरेल तेव्हा परीक्षेला जेमतेम महिना उरलेला असेल.

मुलानं विज्ञानाचं नाव घेऊन तुम्हाला दुखावलंय, त्यामुळे नुसता धीर देऊन भागणार नाही. मी तीसेक वर्षं नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. मेंदूचा भाग आला की वर्गात कुणीतरी हाच प्रश्न विचारायचं, आणि बहुतेक वेळा विचारणारीच्या मनात तिची आई असायची.

"पेशी रोज मरतात" या वाक्यात कणभर सत्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सपशेल चुकीचा आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. निरनिराळ्या वयांत वारलेल्या माणसांच्या मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पेशींची मोजदाद डेन्मार्कच्या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. विशीपासून नव्वदीपर्यंतच्या सगळ्या पल्ल्यात फरक भरला तो दहा टक्क्यांच्या आसपास. सत्तर वर्षांत दहावा हिस्सा! तुम्ही अजून पन्नाशीच्या अलीकडे आहात.

आणि शिकलेली गोष्ट एकेका पेशीत डब्यात भरल्यासारखी नसते, की पेशी गेली आणि तिच्याबरोबर सूत्र गेलं. ती असते पेशींमधल्या जोडण्यांत. एकेका पेशीच्या अशा हजारो जोडण्या असतात. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशी बघत आणि त्यांची चित्रं काढत बसले. त्यांनी १८९४ मध्येच लंडनच्या एका व्याख्यानात मांडलं होतं की, नव्या पेशी तयार झाल्या नाहीत तरी सरावानं आहेत त्या पेशींमधल्या जोडण्या वाढत आणि बळकट होत असणार. तेव्हा हे सिद्ध करायची साधनं नव्हती. पुढच्या शंभर वर्षांत ती आली, आणि काहाल बरोबर निघाले.

तुमच्यापुरता याचा पुरावा तुमच्या मांडीवरच्या सुपात आहे. पान ओलसर करायचं, पत्र्याचा तुकडा ठेवून कातरायचं, चिमटीत नेमकी तंबाखू घ्यायची, वळायचं, टोकं मुडपायची, दोरा गुंडाळायचा. शंभराच्या हजार झाल्या तेव्हा तुमची बोटं बदलली नाहीत. बोटांना हुकूम देणाऱ्या पेशींमधल्या जोडण्या बदलल्या. मी एकदा ओळखीच्या एका बाईंना विचारलं होतं, वळताना अंगठा नेमका कधी दाबता? त्या विचार करायला थांबल्या आणि हातातली बिडी बिघडली. हातांना येतं ते तोंडाला सांगता येत नाही, कारण या दोन शिकवण्या मेंदूत वेगळ्या वाटांनी होतात.

हे कळलं ते एका माणसाच्या दुर्दैवामुळे. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांना फिट्सचा भयंकर त्रास होता. १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा बराचसा भाग शस्त्रक्रियेनं काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण राहीनाशी झाली. थोड्या वेळापूर्वी भेटलेलं माणूस त्यांना पुन्हा अनोळखी वाटे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना एक काम दिलं: आरशात बघत चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. दिवसागणिक त्यांच्या चुका कमी होत गेल्या, हात सफाईनं चालू लागला. आणि प्रत्येक दिवशी त्यांना वाटे की, आपण हे आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. हात शिकत होते, आणि शिकल्याची आठवण मात्र उरत नव्हती.

तुमचा हिप्पोकॅम्पस जागेवर आहे, ताई. धड्यातली माहिती आधी तिथं पकडली जाते. पकड पटकन बसते आणि पटकन सुटतेही. हातांची शिकवण सावकाश बसते आणि वर्षानुवर्षं टिकते. तुम्ही पस्तीस वर्षं दुसऱ्या प्रकारात मुरलेल्या आहात, म्हणून पहिल्या प्रकारातली गळती तुम्हाला जास्त घाबरवते. पण दोन्हीकडे बदल होतो तो जोडण्यांतच, आणि तो कसा होतो हे समजलं की तुमच्या रात्रीच्या वाचनात कुठं चुकतंय ते आपोआप दिसेल.

दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी, साधारण. या जागेला सिनॅप्स म्हणतात, आपण सांधा म्हणू. अलीकडच्या पेशीत विजेची लहर आली की ती फटीत रसायन सोडते. शिकण्याच्या कामात त्यातलं मुख्य म्हणजे ग्लुटामेट. पलीकडच्या पेशीच्या अंगावर ते घ्यायला दोन तऱ्हेची दारं असतात. पहिलं साधं. ग्लुटामेट आलं की उघडलं, निरोप आत गेला. दुसरं दार बँकेच्या लॉकरसारखं आहे. एक किल्ली आपली, एक बँकेची, दोन्ही एकाच वेळी फिरल्याशिवाय ते उघडत नाही. या दुसऱ्या दारात मॅग्नेशियमचा बोळा बसलेला असतो. ग्लुटामेट ही एक किल्ली. त्याच क्षणी पलीकडची पेशी स्वतःही चांगली चेतलेली असली तरच बोळा बाहेर फेकला जातो, ही दुसरी. दोन्ही जुळल्या की कॅल्शियम आत शिरतं. ते शिरलं की पेशी आतल्या साठ्यातून आणखी साधी दारं आणून त्याच सांध्यावर बसवते. पुढच्या खेपेला तेवढंच ग्लुटामेट आलं तरी निरोप मोठा पोचतो. सांधा बळकट झाला. साध्या दाराला आम्पा रिसेप्टर म्हणतात आणि लॉकरवाल्याला एनएमडीए रिसेप्टर. नावं विसरलात तरी चालेल, दोन किल्ल्या लक्षात ठेवा.

कॅनडाचे डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये हे तत्त्व विचारानं मांडलं होतं की, एक पेशी दुसरीला चेतवण्यात पुन्हा पुन्हा भाग घेत राहिली तर त्यांच्यातला दुवा पक्का होत जातो. प्रत्यक्षात ते दिसलं ओस्लोमध्ये. १९६६ मध्ये तेर्ये लोमो या तरुण संशोधकानं सशाच्या हिप्पोकॅम्पसमधल्या एका मार्गावर विजेचे भराभर ठोके दिले. त्यानंतर एकटा ठोका दिला तरी प्रतिसाद आधीपेक्षा मोठा येऊ लागला, आणि तो तासन्‌तास मोठाच राहिला. टिम ब्लिस यांच्याबरोबरचा त्यांचा सविस्तर निबंध १९७३ मध्ये आला.

याच्या उलटही घडतं. क्षीण, संथ लहरी बराच वेळ येत राहिल्या की कॅल्शियम थोडंसंच आत जातं, आणि मग बसवलेली दारं काढून घेतली जातात. सांधा सैल होतो. हा बिघाड समजू नका. जे सैल होऊच शकत नाही त्यावर नवं काही लिहिता येत नाही. तुम्ही सकाळी विसरता तेव्हा तुमचा मेंदू मरत नसतो, तो त्याचं रोजचं काम करत असतो.

आता तुमची रात्र. रेणूंपासून थेट दहावीच्या पेपरापर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही, मध्ये फार पायऱ्या आहेत. पण दोन्ही टोकांना एक गोष्ट सारखी दिसते: बदल होण्यासाठी आतून धडपड व्हावी लागते. तुम्ही धडा चौथ्यांदा वाचता तेव्हा वाक्यं ओळखीची वाटतात आणि ती ओळख म्हणजेच 'कळलं' असं वाटतं. गल्लीतून जाणारा माणूस ओळखीचा वाटणं वेगळं आणि त्याचं नाव आठवणं वेगळं. पेपरात नाव विचारतात.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तोच पुन्हा वाचला. काहींनी उतारा न बघता आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं तपासलं तर पारडं फिरलं: पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, न बघता लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांनी मिळणारा तो दिलासाच तुम्हाला रोज रात्री फसवतोय.

म्हणूनच मला तुमची खोडाखोड इतकी आवडली. 'शिक्षण' तुम्ही मनातून काढायला गेलात, चुकलात, कुठंतरी बघून तपासलंत, आणि दुरुस्त केलंत. सबंध रात्रीच्या वाचनात असा क्षण किती वेळा येतो? मला वाटतं, जवळजवळ नाहीच.

दुसरी चूक म्हणजे एकाच बैठकीत चार वेळा वाचणं. याचं उत्तर समुद्रातल्या एका गोगलगाईकडे आहे. अप्लिसिया तिचं नाव, मेंदूत सारे मिळून वीसेक हजार पेशी, त्यातल्या काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. एरिक कँडल यांनी तिच्यावर आयुष्य घातलं आणि त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. गोगलगाईला हलका स्पर्श केला की ती अंग आखडते. स्पर्शापासून धोका नाही हे कळलं की आखडणं सोडते, म्हणजे तेवढं शिकते. ओळीनं चाळीस स्पर्श केले तर हा धडा एक दिवस टिकला. तेच चाळीस रोज दहा याप्रमाणे चार दिवसांत केले तर आठवडे टिकला. स्पर्श तेवढेच, गोगलगाय तीच. फक्त मध्ये रात्री होत्या.

का, तेही कँडल यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. थोड्या वेळापुरतं शिकताना असलेल्या सांध्याची ताकद तेवढी कमीजास्त होते. दीर्घकाळ टिकायचं असेल तर पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जावा लागतो, जनुकं चालू व्हावी लागतात, नवी प्रथिनं बनावी लागतात आणि सांध्यांची संख्याच बदलते. स्पर्शाची जाणीव देणाऱ्या एका पेशीला सुमारे १,३०० टोकं होती. गोगलगाईला धोक्याचा धडा दिवसांच्या अंतरानं दिल्यावर ती २,७०० च्या घरात गेली. दुर्लक्ष करायचा धडा दिल्यावर ८५० च्या आसपास उतरली. हे बांधकाम आहे, त्याला वेळ लागतो. पहाटे दोनपर्यंत विटा आणून ओतल्या म्हणून भिंत लवकर उभी राहत नाही.

आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ते पेलणारे भक्त कितीतरी दिवस आधीपासून संध्याकाळी सरावाला जमतात, तुम्ही पाहिलं असेल. संक्रांतीच्या आदल्या रात्री जागून एकदाच सगळा सराव उरकू, असं त्यांच्यातलं कुणी म्हणणार नाही. दहावीच्या बाबतीत मात्र आपण सगळे असंच म्हणतो.

आणि झोप. यावर मला तुमच्याशी जरा भांडायचं आहे. तुम्ही तीन तास झोपता, आणि ते अभिमानानं लिहिलंय. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांना फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायला शिकवलं आणि जिवंत मेंदूतल्या पेशींच्या फांद्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एक तास शिकून झोपलेल्या उंदरांच्या फांद्यांवर नवे कोंब फुटले, ज्यांवर नवे सांधे बसतात. तीन तास कसून सराव करूनही जागं ठेवलेल्या उंदरांत ते कमी फुटले. तीन तास जागून कमावलेलं एक तास शिकून झोपणाऱ्यापेक्षा कमी भरलं, ताई. तुमचं गणित नेमकं हेच आहे. रात्री अकराला दिवा बंद. ही विनंती समजू नका, या पत्रातली हीच एक सक्ती आहे.

मग अभ्यास करायचा कधी? तुमच्याजवळ एक वेळ आहे जी दहावीच्या दुसऱ्या कुठल्याही मुलाजवळ नसते. तुमचे हात हजार बिड्या वळतात तेव्हा डोकं मोकळं असतं. हातांना आता तुमच्या लक्षाची गरज नाही, गप्पा मारत काम होतं असं तुम्हीच लिहिलंय. त्यातला तासभर द्या.

सकाळी किंवा दुपारी अर्धा तास नवा भाग एकदाच, नीट, समजून वाचा. लगेच त्यातून सात-आठ प्रश्न काढून चिठ्ठ्यांवर लिहा, मागच्या बाजूला उत्तर. चिठ्ठ्या सुपाशेजारी वाटीखाली ठेवा. वळताना एक प्रश्न उचला आणि उत्तर मोठ्यानं बोला. शेजारी बसणाऱ्या बायका ऐकतील, हसतीलही पहिल्या दिवशी. आठवलं नाही तर लगेच चिठ्ठी उलटू नका. थोडं झगडा, चुकीचं का होईना पण काहीतरी बोला, मग बघा. तो झगडा म्हणजे दुसरी किल्ली, असं मी मुलींना सांगायची.

रात्री दहा ते अकरा लिहून सराव. बस, तेवढंच.

उजळणीच्या दिवसांसाठी वेगळं वेळापत्रक नको. आज केलेलं उद्या विचारायचं, मग नळाला पाणी येईल त्या दिवशी, मग त्याच्या पुढच्या पाण्याच्या दिवशी. पाण्याच्या दिवसाचं अंतर सोलापूरच्या बाईला कुणी आठवण करून द्यावं लागत नाही. जी चिठ्ठी सलग तीनदा जमली ती महिन्याच्या पुडीत टाका. जी अडली ती उद्याच्या पुडीत परत.

बीजगणिताचं थोडं निराळं आहे. सोडवलेलं उदाहरण वाचणं म्हणजे दुसऱ्याला बिड्या वळताना बघणं. पुस्तक मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवायचं, अडलं तिथंच उघडून एक ओळ बघायची, पुन्हा मिटायचं. एकाच प्रकारची दहा उदाहरणं ओळीनं सोडवू नका. दोन वर्गसमीकरणाची, एक संभाव्यतेचं, एक श्रेढीचं, अशी सरमिसळ करा, म्हणजे कुठं कुठली रीत लावायची हे ओळखण्याचाही सराव होतो. आणि नवं सूत्र जुन्या माहितीला बांधा. समजा बचत गटात पहिल्या महिन्यात १०० रुपये टाकले आणि दर महिन्याला २० वाढवले, तर बाराव्या महिन्यात किती? तुम्ही बोटांवर काढाल: अकरा वेळा २० वाढले, ३२०. अंकगणिती श्रेढीचं सूत्र याहून वेगळं काहीच सांगत नाही. जिथं आधीच घट्ट जोडण्या आहेत तिथं नवं लवकर पकड घेतं, आणि पैशाच्या हिशेबाच्या जोडण्या तुमच्याइतक्या घट्ट शाळकरी मुलांच्या नसतात. अर्थनियोजनाचा धडा तुम्हाला म्हणूनच जड जाऊ नये.

स्पेलिंग दहा वेळा बघून उतरवू नका. एकदा बघा, झाका, लिहा, तपासा. रोज पाच शब्द, जास्त नाहीत.

वयाबद्दल खोटं बोलणार नाही. लहानपणी मेंदूत गरजेपेक्षा कितीतरी जास्त सांधे तयार होतात आणि वापरानुसार छाटले जातात, त्या काळातली लवचीकता पुढे तशी राहत नाही. मोठेपणी बदल व्हायला लक्ष जास्त द्यावं लागतं आणि वेळही जास्त लागतो. पण होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आपल्याच देशातला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, कधी शाळेत न गेलेल्या प्रौढांना, त्यात बहुतेक बायका, सहा महिने हिंदी लिहायला-वाचायला शिकवलं. लिपी आपलीच, देवनागरी. आधी आणि नंतर मेंदूची एमआरआय तपासणी केली. बदल मेंदूच्या बाहेरच्या थरापुरता राहिला नव्हता. खोलवर, मेंदूच्या देठापर्यंत, नजरेच्या कामाशी निगडित भागांमधला ताळमेळ बदललेला दिसला. सहा महिन्यांत. तुमच्या हातातही साधारण तेवढेच आहेत, आणि तुम्ही सातवीपर्यंतचं शिक्षण घेऊन सुरुवात करताय.

मी स्वतः पन्नाशीनंतर तेलुगू बोलायला शिकले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका दवाखान्यात यायच्या आणि त्यांचं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं, ते मला खुपायचं. वहीत शब्द लिहून पाठ केले ते चार महिने राहिलेच नाहीत. "बागुन्नारा?" असं म्हणत दारात उभी राहून, चुकत बोलायला लागले तेव्हापासून राहू लागले. तुम्ही गल्लीत मराठी शिकलात तीही अशीच शिकलात ना? कुणी चार-चार वेळा वाचून घेतली नव्हती.

एक वैद्यकीय गोष्ट. पाळी जाण्याच्या वयात झोप उडणं आणि शब्द चटकन न आठवणं पुष्कळ बायकांना होतं, बहुधा ते काही काळापुरतं असतं. शिवाय रक्त कमी असणं, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता यांनीही स्मरण मंदावतं आणि या तिन्हींवर उपचार आहेत. एकदा रक्त तपासून घ्या. रोजचा ओळखीचा रस्ता चुकणं, गॅस वारंवार चालू राहणं असं काही होत असेल तर डॉक्टरांकडे लगेच जा. तुमच्या पत्रावरून मला तसं दिसत नाही.

मुलाला हे उत्तर वाचायला द्या. बाबा रे, आईला सगळ्यांसमोर बोललास ते वाक्य शास्त्रालाही धरून नाही. ताणाखाली शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं आणि पाठ असलेलंही ऐनवेळी आठवेनासं होतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे तुझा टोमणा तिच्या पेपरात तिच्या शेजारी बसणार आहे. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं त्या चिठ्ठ्या हातात घे आणि तिला विचार. ती अडली तर उत्तर लगेच सांगू नकोस, दहापर्यंत मोज.

ताई, उद्या सकाळी भाकरी थापताना पुन्हा कोरं वाटेल. तिथं सोडून देऊ नका. ती भाकरी तव्यावर टाकून उलटेपर्यंत शोधा, सापडेल ते मोठ्यानं बोला, मग हात धुऊन चिठ्ठी बघा. दिवाळीनंतर एक सराव पेपर घड्याळ लावून सोडवा आणि मला गुण कळवा. कमी पडले तर कुठल्या धड्यात पडले तेही लिहा, पुढच्या चिठ्ठ्या आपण त्यावरून ठरवू.